खुडबुड्याची आई कुठंय?

३ मार्च, सोमवार

गप्प! आजपासून तोंडाला कुलूप. एक शब्द नाही, हुंकार नाही, कुजबूज तर मुळीच नाही. घशाची डॉक्टर म्हणाली, "कुजबुजलात तर बोलण्यापेक्षा जास्त ताण येतो, कळलं?" मी "हो" म्हणायला तोंड उघडलं, तर तिने तिथेच बोट दाखवलं. मान हलवायची. बास.

मग मनातलं ओकायचं कुठे? हे मी हातवारे करून विचारलं. तिला काय कळलं देव जाणे, पण म्हणाली, "लिहा." म्हणून ही वही. नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानातली आहे, प्रत्येक पानाच्या तळाशी एक चष्मा छापलाय. कोणीतरी टक लावून बघतंय असं वाटतं. बघू दे.

स्वरतंतूवरची गाठ आज सकाळी काढली. मोहरीएवढी होती म्हणे! एवढ्याशा गोष्टीने वर्षभर जीव नकोसा केला. आणि ती दिली कोणी? खुडबुड्याने!

खुडबुड्या म्हणजे — वहीला काय सांगायचं, पण सांगते, नाहीतरी दुसरं कोण ऐकतंय — परदेशातल्या कार्टून चित्रपटातला एक गोल, केसाळ, भलता उद्योगी प्राणी. घूस आहे, ससा आहे की आणखी काही, ते आजवर कोणालाच ठरवता आलेलं नाही. त्याचं मराठी बोलणं मी बोलते. दोन चित्रपट झाले, मधे टीव्हीवरची मालिका झाली. वयाने सेहेचाळीस, आवाजाने सहा! त्याचा तो डायलॉग — "हाऽऽट्! मी नाही भीत कुणाच्या बापाला!" — तो घसा फाडून म्हणायचा, आणि मनासारखा होईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणायचा. गाठ येईल नाहीतर काय होईल?

एप्रिलमध्ये तिसरा भाग. तोवर आवाज परत आणायचा. आणणारच.

५ मार्च, बुधवार

मी मुकी झालेय, बहिरी नाही! तरी नवरा माझ्याशी ओरडून बोलतो. "चहाऽऽ हवाऽऽ काऽऽ?" शेजारीण तर खाणाखुणा करायला लागली. मी पाटीवर लिहिलं, "मला ऐकू येतं." तिने ते मोठ्याने वाचलं आणि पुन्हा खुणाच केल्या.

बहिऱ्या आहेत त्या सासूबाई. खऱ्याखुऱ्या, माझ्या लग्नाच्या आधीपासून. ऐकायचं यंत्र आणून दिलंय, ते कपाटात. "जगाची किरकिर ऐकायला मशीन कशाला लावू?" म्हणतात. समोरच्याचे ओठ बघतात आणि बरंचसं ओळखतात. निदान सोयीचं असतं तेवढं तरी.

त्यांना हाक मारायची मला सवयच नाही. ऐकू येत नाही तर मारायची कशाला? काही हवं असलं की जाऊन खांद्याला हात लावते. इतकी वर्षं तसंच चाललंय.

आता दिवसभर घरात आम्ही दोघी. एकीला बोलायचं नाही, एकीला ऐकू येत नाही. नवरा दुकानात जाताना म्हणाला, "आज भांडू नका हं!" आणि स्वतःच्याच विनोदावर जिना उतरेपर्यंत हसला.

६ मार्च, गुरुवार

खुडबुड्याचा पहिला भाग बघितला. आवाज बंद करून! ऐकला तर माझे ओठ आपोआप हलतात, गळा ताठरतो. म्हणून बंद. सासूबाईंना काय फरक पडतो? त्या आपल्या मटार सोलत शेजारी.

त्यांच्या शेजारी बसून पडद्याकडे मी कधी बघितलंच नव्हतं. त्या गोष्ट स्वतःच रचतात! "हा लाल कोल्हा ह्याचा मामा असणार. कसा तोंड चुकवतोय बघ, मामाच." अहो, तो खलनायक आहे! पण मग मी नीट बघितलं. खरंच तोंड चुकवतोय की. आम्ही त्याच्या तोंडी इतकं जहरी मराठी घातलं, पण चेहरा काही जहरी नाही. वर्षानुवर्षं मी ह्या चित्रपटाचे फक्त ओठ बघत आले. कधी उघडले, कधी मिटले, वाक्य बसलं की नाही. बाकीचं तोंड बघायला सवडच नव्हती.

पुराचं दृश्य आलं. सासूबाई म्हणाल्या, "ह्याची आई कुठंय?"

पाटीवर लिहिलं, "वाहून गेली. सुरुवातीलाच."

"मेली?"

"दाखवलं नाही."

"मग सापडेल," म्हणाल्या आणि पुढची शेंग घेतली.

७ मार्च, शुक्रवार

ह्या कार्टूनवाल्यांचं आयांशी काय वाकडं आहे? चार पाय असोत, पंख असोत, शेपटी असो — पहिल्या दहा मिनिटांत आई खलास! मला कारण कळतं. धंद्यातलीच आहे मी. आई घरात असली तर पोर एकटं बाहेर जाईलच कसं? ती म्हणणार, स्वेटर घाल, अंधार व्हायच्या आत ये. संपली गोष्ट. तरी राग येतो.

माझी गेली तेव्हा मी चौथीत होते. मागे व्हायोलिन वाजलं नाही. कोणी हुशार पोपट सोबतीला आला नाही. आठवड्याने शाळा सुरू.

आणि लोक विचारतात, मोठ्या बाईला कार्टूनचं कसलं वेड? पोटापाण्याचं काम आहे, असं मी सांगते. खोटं! काम नसतं तरी गेले असते. थिएटरात "मुलांना घेऊन आलोय" म्हणणारे बाप अंधारात चष्मा काढून डोळे पुसतात आणि मूल पॉपकॉर्नमध्ये बुडालेलं असतं. माणसांच्या चित्रपटात एवढं रडायची आपल्याला लाज वाटते. प्राणी असला की चालतं.

पण हल्लीचे बघवत नाहीत. केस एकेक मोजून घ्या असे, डोळे दरवर्षी मोठे, आणि पोस्टरवर प्रत्येकाची एक भुवई वर! कोंबडी असली तरी भुवई वर! कोणी साधं उभं म्हणून राहत नाही. चालले की भाग दोन, भाग तीन, भाग चार. आता तिसऱ्या भागावर माझंच घर चालणार आहे म्हणा. गप्प बसते.

बसलेच आहे!

१० मार्च, सोमवार

डोकं तापलंय.

रीटेकचा मेसेज आला. रीटेक म्हणजे आमचा डबिंगचा दिग्दर्शक. देव जरी माईकसमोर आला तरी "छान, फक्त एकदा परत" म्हणेल, म्हणून रीटेक. लिहितो, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. तिसऱ्या भागासाठी वरून आग्रह आहे. नवा चेहरा हवाय."

चेहरा! आवाजाच्या कामाला चेहरा!

आणि चेहरा कोणाचा? ती रीलवाली. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे ती, बसस्टॉपवरच्या जाहिरातीतही आहे. पोरगी प्रसिद्ध कशामुळे झाली? "मी नाही भीत कुणाच्या बापाला" ह्याच्यावर ओठ हलवून! माझ्या आवाजावर! डोळे वटारते, गाल फुगवते, बोट नाचवते — आवाज माझा. लोकांना वाटतं तीच बोलते. आणि आता वरचे म्हणतात, खुडबुड्या म्हणजे तीच, तिलाच घ्या. माझ्या घरात शिरून मलाच विचारताहेत, आपण कोण?

रीटेक बिचारा भांडला म्हणे. शेवटी एवढं पदरात पडलं — २८ तारखेला दोघींची टेस्ट. तिसऱ्याची गोष्ट अजून कोणालाच माहीत नाही, परदेशातून काही येऊ देत नाहीत. म्हणून जुन्याच दृश्यांवर टेस्ट.

मी एकच शब्द पाठवला. "येते."

११ मार्च, मंगळवार

सासूबाईंना मोबाइलवर रीलं दाखवली, त्याच वाक्यावरची. रीलवालीचं, मग एका पोलिसाचं, एका नवरीचं, जिममधल्या एका आडदांडाचं, एका आजोबांचं. त्या ओठ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, ही सगळी एकच वाक्य बोलताहेत!"

मी मान हलवली.

"भीत नाही, भीत नाही. एवढ्या जणांना सांगावं लागतंय म्हणजे सगळे चांगलेच टरकलेत."

हसू आलं. हसायची पण बंदी आहे. तोंड दाबून हसले.

१३ मार्च, गुरुवार

ओरडले.

सगळी मेहनत मातीत. 

औषधाच्या दुकानातून परत येत होतो. सासूबाई दोन पावलं पुढे, मी सुटे पैसे पर्समध्ये टाकत मागे. कोपऱ्यावरच्या फर्निचरच्या गोदामातून ट्रक मागे मागे येत होता. ते पीं-पीं-पीं सगळ्या रस्त्याला ऐकू येतंय, फक्त त्यांना नाही! त्या त्याच्या मागे, पिशवी सावरत, निवांत. खांद्याला हात लावायला मी पोचणार नव्हते.

आणि तोंडातून निघालं — "आईऽऽऽ!"

बहिऱ्या बाईला हाक मारली मी! ह्या जगात एकच माणूस असं आहे ज्याला ओरडून काही उपयोग नाही, आणि त्याच माणसासाठी मी आवाज फाडला!

पण ड्रायव्हरने ऐकलं. करकचून ब्रेक. सासूबाई वळल्या, आधी ट्रककडे बघितलं, मग माझ्याकडे. माझं तोंड उघडंच होतं. तरातरा माझ्याकडे आल्या आणि भर रस्त्यात ओरडल्या, "तोंड मिट आधी! डॉक्टरने काय सांगितलंय?"

घरी येऊन बेसिनमध्ये थुंकले तर गुलाबी पाणी. 

हा शब्द किती वर्षांनी तोंडात आला. चौथीनंतर कोणाला म्हटलाच नव्हता.

१४ मार्च, शुक्रवार

डॉक्टर रागावली. नळी घालून बघितलं. सुजलंय. पुन्हा पहिल्यापासून मौन. "२८ तारीख? विसरा," म्हणाली.

पाटीवर लिहिलं, "विसरणार नाही."

तिने माझ्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं. "मग निदान ऐका तरी माझं," म्हणाली. "आणि ते किंचाळणं पुन्हा नाही. ह्या महिन्यात नाही असं नव्हे. कधीच नाही."

कधीच नाही म्हणजे? खुडबुड्या दुसरं करतो काय?

१५ मार्च, शनिवार

सासूबाई सकाळी विचारतात, "तेव्हा काय ओरडलीस गं?" पाटीवर लिहिलं, "काही नाही." लाज वाटली.

१८ मार्च, मंगळवार

दुसरा भाग, पुन्हा मुका. आणि आज सापडलं!

लांडग्यासमोरचं दृश्य. तेच ते, जगप्रसिद्ध. खुडबुड्या दगडावर चढतो, छाती काढतो आणि म्हणतो — "हाऽऽट्!" वगैरे. मी नेहमी फुशारकीनेच म्हणत आले. खोडकर, आगाऊ, कर्कश. लोकांना तेच आवडलं.

सासूबाई म्हणाल्या, "घाबरलाय बिचारा. पंजा बघ."

रिमोट घेतला, मागे नेलं, परत बघितलं. पंजा! बोलण्याआधी त्याचा डावा पंजा मागे जातो आणि स्वतःचीच शेपटी घट्ट धरतो. बोलताना एकदाही सोडत नाही. तिकडच्या ज्या कोणी हे काढलं त्याने सगळं त्या पंजात घातलं होतं, आणि मी वरून कोकलत होते! तो ओरडत नाहीये. त्याचा आवाज फुटत नाहीये आणि तो कसाबसा काढतोय. हळू. श्वास गिळून.

आणि हळू मला जमणार आहे. ह्याच गळ्यातून. डॉक्टरलाही चालेल!

२८ ला हेच करणार. ठरलं.

२० मार्च, गुरुवार

हसावं की डोकं आपटावं? रीलवाली घरी आली!

दार उघडलं तर समोर ती, मोबाइलमध्ये दिसते त्याच्या निम्मी. हातात फळांची पिशवी. "काकू, मी... ते तुम्हीच ना? ते वाक्य?" मी मान हलवली. आत ये म्हणायला तोंड नाही, जा म्हणायलाही नाही. तेवढ्यात सासूबाई आल्या आणि तिला हाताला धरून सोफ्यावर बसवलं. माझ्या कामावरची मुलगी वाटली त्यांना.

पोरगी गालिच्याकडे बघत बोलत होती. तिला रीटेककडे एकदा बोलून बघायला सांगितलं, तर तोंडातून आवाजच निघेना. "मी कधी बोललेच नाहीये हो. मी फक्त ओठ हलवते. गाणं असलं तरी, डायलॉग असला तरी. माझा आवाज लोकांनी ऐकलेलाच नाही. शिकवाल का?"

कोणाला विचारतेय? मौनातल्या बाईला! पाटीवर लिहिलं, "माझ्या जागेवर बसायचं आणि शिकवायचं पण मीच?" तिने वाचलं. कान लाल झाले. उठली नाही मात्र. "बरोबर आहे तुमचं," म्हणाली, "पण मलाही ही एकच संधी आहे. दोन वर्षांनी रीलवर दुसरं कोणीतरी असेल."

खोटं नव्हतं ते. तरी मी पंजाबद्दल सांगणार नव्हते. मुळीच नाही! तो मला सापडला होता — म्हणजे सासूबाईंना — पण आमच्या घरात सापडला होता.

आणि सासूबाई! पाटी वाचून, चहाचा कप तिच्या हातात देत म्हणाल्या, "तू त्या खुडबुड्याचं करणार का? छान. तो घाबरलेला आहे हं. शेपटी धरतो बघ."

फुकटात देऊन टाकलं! मी डोळे वटारले, तर मला विचारतात, "काय झालं? साखर कमी आहे?"

पोरगी गेली. जाताना पाया पडते की काय असं वाटलं, पण हात धरला फक्त. हात गार होता.

संध्याकाळी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं — म्हणजे वाचून. म्हणाला, "एक बोलत नाही, एक ऐकत नाही, एक नुसते ओठ हलवते. ह्याचाच पिक्चर काढा." चपराक दिली. प्रेमाने.

२४ मार्च, सोमवार

आवाज!

डॉक्टरने परवानगी दिली. बोलायची नाही, बुडबुड्यांची. पाण्याच्या पेल्यात स्ट्रॉ बुडवायची आणि त्यातून "ऊ" काढायचा. पेल्यात बुडबुडबुडबुड! सेहेचाळीसची बाई डायनिंग टेबलाशी बसून पाणी उडवतेय. पण आवाज निघाला. जाडा, खरखरीत, खालच्या पट्टीतला. ओळखीचा नाही, पण आहे.

सासूबाई बघत होत्या. मी गळ्यावर हात ठेवून दाखवला — इथे थरथरतं. त्यांनी स्वतःचा तळवा माझ्या गळ्यावर ठेवला. मी स्ट्रॉ काढून नुसतंच गुणगुणले, हळू. त्यांचे डोळे बारीक झाले.

"हा खुडबुड्या?"

मान हलवली.

"बाई! एवढी वर्षं घरात होता आणि मला भेटलाच नाही."

मला रडू आलं. लिहायला काय लाजायचं? आलं.

मग लगेच, "त्या ट्रकपाशी काय ओरडलीस ते सांग की." पुन्हा "काही नाही" लिहिलं. पाठ सोडत नाहीत.

२८ मार्च, शुक्रवार

टेस्ट झाली. हळू आवाजात दोन-चार वाक्यांची मुभा डॉक्टरने शेवटी कुरकुरत दिली.

लांडग्याचं दृश्य. हेडफोन लावले, लाल दिवा लागला. आधी श्वास. मग शेपटी धरल्यासारखा साडीचा काठ मुठीत धरला आणि म्हटलं — हळू, अर्धं गिळून — "हाट्. मी नाही भीत... कुणाच्या बापाला."

काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला माईकची वायर तपासायला लागला.

रीटेक आत आला. "ताई, हे... वेगळं आहे. छान आहे. पण लोकांना ते ओरडणं पाहिजे हो. एकदा परत, आपलं नेहमीचं."

नेहमीचं एकदा निघालं असतं. मला माहीत होतं, गळ्यात होतं ते, एकदाच पुरेल एवढं. तोंड उघडलंही. आणि मग म्हटलं, "नाही. हा असाच बोलतो. तुम्हाला हवा तर हा घ्या."

बाहेर बाकावर रीलवाली, घोट घोट पाणी पीत. मी गेले तशी उभी राहिली. पाठीवर थाप मारली आणि घरी आले.

३१ मार्च, सोमवार

तिला घेतलं.

ओरडून म्हणाली म्हणे, अगदी माझ्यासारखं. माझ्या जुन्यासारखं. वरचे खूश. पोस्टरवर तिचा चेहरा खुडबुड्याएवढा येणार आहे.

रीटेक फोनवर खाली मान घालून बोलत होता, आवाजावरून कळतं. "ताई, एक आहे. तिला प्रतिक्रियांसाठी वेळ नाहीये. धाप, हुंदके, गिळणं, पडल्यावरचं 'आ' — ते सगळं वेगळं करून घ्यावं लागेल. तुम्ही याल? एका दिवसाचं काम आहे. नाव नाही येणार."

म्हणजे बोलणार ती, आणि धापा मी टाकायच्या!

फोन ठेवला. काही बोलले नाही. सवय झालीये आता.

२ एप्रिल, बुधवार

दोन दिवस भांडी आपटली. सासूबाईंना आवाज येत नाही म्हणून, नाहीतर त्यांनीच हाकललं असतं.

मग आज पहिला भाग पुन्हा लावला. मुकाच. आणि डोळे मिटून विचार केला, ह्याच्यात बोलणं आहे किती? थोडंसं. बाकी वेळ तो पळतोय, दमतोय, नाक ओढतोय, झोपेत कण्हतोय. ते सगळं मीच होते. कोणी त्याचं रील केलं नाही एवढंच. आणि हे दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचं? का म्हणून? शेपटी धरताना तो श्वास कसा आत ओढतो ते मला माहीत आहे. तिने भले बोलावं. श्वास माझाच घेईल तो.

रीटेकला लिहिलं, "येते. पण एका दिवसात नाही होणार. नीट करायला वेळ लागेल, तेवढा द्यायचा."

नवरा म्हणाला, "नाव नाही, फक्त श्वास?" म्हटलं — बोलून म्हटलं, दोनच शब्द रोज चालतात — "श्वास, हो."

४ एप्रिल, शुक्रवार

बुडबुडे. चालणं. बुडबुडे. ठाम आहे.

११ एप्रिल, शुक्रवार

स्क्रिप्ट आली. तिसऱ्या भागात खुडबुड्या मुका आहे!

खरंच. पहिल्याच पानावर बर्फात त्याचा आवाज जातो आणि मग तो हरवलेल्या आईला शोधत निघतो. सगळा चित्रपट धाप, हुंदके, कण्हणं, नाक ओढणं. बोलायचा एकच शब्द, शेवटच्या पानावर. एका शब्दासाठी पोस्टरवर चेहरा द्यायला रीलवालीच्या मॅनेजरने नकार दिला आणि ती चित्रपटातून बाहेर पडली. तिचा मला मेसेज आला — "काकू, तो तुमचाच आहे." रीटेक फोनवर हसत होता की रडत होता कळेना. सगळा खुडबुड्या माझा.

शेवटचं पान सासूबाईंपुढे धरलं. चष्मा चढवून वाचलं त्यांनी. "गुहेच्या तोंडाशी कोणीतरी उभं. खुडबुड्या (हळू, ओरडत नाही): आई."

"सापडली होय एकदाची!" म्हणाल्या. मग त्यांनी तळवा माझ्या गळ्यावर ठेवला. "म्हणून दाखव."

म्हटलं.

हात काढला नाही. म्हणाल्या, "ट्रकपाशीही हेच. ओठ बघितले होते मी, तेव्हाच कळलं. म्हटलं बघू, परत कधी म्हणतेस ते."